बेघराचा सोबती

सन २०११ च्या खानेसुमारीत या देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बिनघराची भरली. शहरात पदपथावर निजणाऱ्या अशा गरिबाजवळ पुष्कळदा एक कुत्रे असते. रात्री त्याचे गाठोडे तेच राखते, थंडीत ऊब तेच देते, आणि धनी आपल्या भाकरीतला चतकोर त्याला आधी घालतो. "स्वतःला खायला नाही, मग कुत्रे कशाला?" असे माडीवाले विचारतात. आम्ही उलट विचारतो, जात आणि ऐपत न पाहता त्याच्याजवळ बसणारा दुसरा कोण आहे? कुत्र्याला टाकून स्वर्गात न जाणाऱ्या धर्मराजाची कथा पुराणिकबुवा रंगवून सांगतात व श्रोते डोळे पुसतात; तेच श्रोते घरी परतताना पदपथावरल्या धर्मराजाला हाकलतात!

शहरी वस्तीच्या दर लाखास एक आश्रयगृह असावे, असे सरकारने २०१३ च्या योजनेत ठरविले. पण कुत्रे बाहेर सोड म्हटले, तर पुष्कळजण उघड्यावरच निजतील. सबब नगरपालिकांनी प्रत्येक आश्रयगृहास जनावरांपुरती एक पडवी व पाण्याची सोय करावी. यास फार पैसा लागत नाही.