छातीवरचे नाव

व्यापाऱ्याची पेढी तीन-तीन पिढ्या चालते. खेळाडूची कारकीर्द मात्र फार तर पंधरा वर्षांची असते. ज्या वयात दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर नीट बसू लागतो, त्या वयात फुटबॉलपटूचे गुडघे जाब विचारू लागतात. पस्तिशीच्या आतबाहेर मैदान सुटते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे उरतात. त्या उरलेल्या आयुष्यात माणूस काम कोणते करतो, घर कसे सांभाळतो आणि चारचौघांत कसा वावरतो, यावरून त्याची खरी किंमत कळते. मिळवत्या वर्षांत त्याने कोणता पैसा घेतला आणि कोणता नाकारला, याचा हिशेबही याच काळात पूर्ण होतो.

निवृत्त फुटबॉलपटू म्हटले की आज बहुतेकांना डेव्हिड बेकहॅम आठवतो. वडील स्वयंपाकघरे बसविणारे कारागीर, आई केशकर्तनकार. अशा साध्या घरातला हा मुलगा मँचेस्टर युनायटेड व इंग्लंडकडून खेळून जगभर पोहोचला. २००७ मध्ये अमेरिकेत खेळायला जाताना त्याने करारात एक कलम घालून घेतले होते. पुढे तेथील लीगमध्ये अडीच कोटी डॉलरला स्वतःचा संघ घेण्याचा हक्क त्या कलमाने त्याला मिळाला. त्यातूनच मायामीचा संघ उभा राहिला आणि २०२३ मध्ये त्या संघात मेस्सी आला. करार लिहितानाच वीस वर्षे पुढचे पाहणारी ही दृष्टी कोणत्याही व्यापाऱ्याला दाद द्यायला लावील. २०१३ मध्ये पॅरिसच्या संघातील अखेरच्या पाच महिन्यांचा पगार त्याने मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला. केशरचना, कपडे, अत्तर, घड्याळ अशा प्रत्येक गोष्टीला त्याच्या नावाने भाव आला. निवृत्तीनंतरच्याच वर्षी, २०१४ मध्ये, एका मोठ्या मद्य कंपनीबरोबर त्याने व्हिस्कीचा नवा ब्रँड बाजारात आणला. त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे त्यात वावगे काही नव्हते. नावाला किंमत आली होती आणि ती त्याने वसूल केली.

आपल्या मुंबईत मात्र एका फुटबॉलपटूने याच्या नेमका उलट व्यवहार केला होता. ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला. पुढे ते मुंबईत आले आणि १९९७ मध्ये महिंद्राच्या संघातून खेळू लागले. पहिल्या संघात फारशी संधी मिळेना, म्हणून पुढच्याच वर्षी ते एअर इंडियाकडे गेले. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, पळण्यात व चेंडू मिळवून देण्यात कसूर न करणारा हा खेळाडू भारतीय संघातही गेला. तो काळ मुंबईत कंपन्यांच्या संघांचा होता. बँका, रेल्वे, विमान कंपन्या, मोठे कारखाने यांचे स्वतःचे संघ असत. पैसा बेताचा असे. झगमगाट तर नसेच. कूपरेज मैदानावर सामना व्हायचा, शेदोनशे जाणकार टाळ्या वाजवायचे आणि खेळाडू लोकल गाडीने घरी जायचे.

फुटबॉलमधला खरा पैसा आणि खरी कीर्ती तेव्हा कोलकात्यात होती. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे तेथील दोन बलाढ्य संघ. त्यांच्या सामन्याला लाखाच्या घरात प्रेक्षक जमत. १९९८ मध्ये मद्यनिर्मितीतल्या एका मोठ्या उद्योगसमूहाने या दोन्ही संघांत भागीदारी घेतली. संघांच्या नावाआधी मद्याच्या ब्रँडची नावे लागली. खेळाडूंच्या छातीवरही तीच नावे आली. दारूची उघड जाहिरात करण्यास आपल्याकडे बंदी आहे, म्हणून सोडा, पाणी किंवा खेळाचा संघ यांच्या आडून ब्रँडचे नाव लोकांसमोर ठेवण्याची युक्ती कंपन्या वापरतात. खेळाडूची छाती ही त्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक पाटी ठरते, कारण लहान मुले त्या पाटीकडे भक्तिभावाने पाहतात.

एअर इंडियात असताना जमील यांना या दोन्ही संघांकडून बोलावणी आली. त्यांनी ती नाकारली. संघांची मुख्य प्रायोजक मद्य कंपनी आहे, एवढेच त्याचे कारण होते.

हा नकार किती मोलाचा होता हे समजण्यासाठी क्षणभर त्यांच्या जागी उभे राहावे लागेल. विशीतला तरुण, पुढे मोजकीच मिळवती वर्षे, केव्हा पाय दुखावेल याचा नेम नाही. समोर देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ. अशा वेळी मनाची समजूत घालणे अगदी सोपे असते. मी दारू पीत नाही, मी दारू विकत नाही, मी फक्त फुटबॉल खेळतो. कपड्यावर कोणाचे नाव छापायचे ते संघाचे मालक ठरवतात. या युक्तिवादाला कोणत्याही न्यायालयात कोणी आव्हान दिले नसते.

आपल्या घरांत मात्र लहानपणापासून तीन शब्द एकत्र शिकविले जातात: करणे, करविणे आणि अनुमोदन देणे. स्वतःच्या हाताने केले नाही म्हणून दोष संपत नाही. दुसऱ्याकडून करवून घेतले, किंवा दुसरा करीत असताना त्याला आपले बळ दिले, तरी वाटा येतोच. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य येते आणि मद्याचा व्यापार त्यातच मोडतो. ज्यांना हे शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते, अशा एका खेळाडूने नेमका अनुमोदनाचाच वाटा नाकारला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

पुढे प्रशिक्षक झाल्यावर जमील यांनी कोलकात्याच्या या दोन्ही संघांचे काम पाहिले, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यावरून कोणी म्हणेल की मग पूर्वीच्या नकाराला अर्थ काय राहिला? आयुष्याचा हिशेब एका ओळीत लिहिला जात नाही. जी वर्षे खेळाडूला पुन्हा मिळत नाहीत, त्या वर्षांत सोडलेला पैसा आणि सोडलेली कीर्ती परत येत नाही. ती नोंद तिच्या जागी कायम राहते.

नकार दिला म्हणून त्यांचे काम अडले नाही. २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्रा युनायटेडमध्ये आले आणि २००५-०६ मध्ये या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्यानंतर दुखापतींनी गाठले. मुंबई एफसीत जाऊनही त्यांना मैदानात उतरता आले नाही. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खेळ थांबला आणि त्याच संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. थोड्या भांडवलावर चालणारा तो संघ त्यांनी सात हंगाम वरच्या श्रेणीत टिकवून धरला. अशा कामात विजयाचा गुलाल उधळला जात नाही. टिकून राहणे हाच त्यातला नफा असतो. ज्यांनी मंदीच्या वर्षांत दुकानाचे शटर रोज वेळेवर उघडले आहे त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

२०१६ मध्ये त्या संघाने त्यांना निरोप दिला. तेव्हा ते मिझोरामच्या आयझॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्याच हंगामात वरच्या श्रेणीतून बाहेर पडला होता. इतर संघांनी माघार घेतल्याने त्याला पुन्हा जागा मिळाली होती. मोठी नावे नाहीत, मोठा पैसा नाही. स्थानिक मुले आणि इतर संघांना नको झालेले काही खेळाडू यांना घेऊन जमील यांनी काम सुरू केले. ३० एप्रिल २०१७ रोजी हंगाम संपला तेव्हा आयझॉलचे ३७ गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरील मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. ज्या कोलकात्याच्या वैभवाला त्यांनी तरुणपणी नकार दिला होता, त्यालाच एका गुणाने मागे टाकले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा या पदावरून गेल्यानंतर ही जबाबदारी परदेशी प्रशिक्षकांकडेच होती. पहिल्याच स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळविले. दोन महिन्यांत चित्र पालटले. १४ ऑक्टोबरला मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. चांगल्या आचरणाला यशाची हमी नसते, हेही यातून दिसते. सचोटीने वागणारा दुकानदारसुद्धा कधी तोट्यात जातो. सचोटी हा नफ्याचा विमा मानला, तर पहिल्याच तोट्याला ती सुटते.

त्यांच्या राहणीविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे आणि तेच सांगण्यासारखे आहे. पत्रकारांना त्यांच्याकडून दोन-तीन वाक्यांपेक्षा अधिक मिळत नाही. जिंकल्यावर श्रेय खेळाडूंचे, हरल्यावरही आवाज तितकाच खाली. बेकहॅमने आपल्या शैलीचे चलन केले, जमील यांनी शैली कामात विरघळू दिली. दोघांचेही मार्ग आपापल्या जागी मेहनतीचे आहेत. फरक एवढाच की पहिल्या मार्गात नाव सतत कशावर तरी छापावे लागते, आणि कशावर छापू द्यायचे हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो.

हा प्रश्न आता भोर आणि वेल्ह्याच्या व्यापारी घरांपुढेही येऊन ठेपला आहे. संस्थानकाळापासून भोरची बाजारपेठ मावळच्या तांदळावर, किराण्यावर आणि कापडावर जगली. पुणे-सातारा महामार्ग रुंद झाला, कापूरहोळ आणि नसरापूर फाट्यावरची वर्दळ वाढली. राजगड, तोरण्याला येणाऱ्यांची संख्या वाढली; भाटघर व पानशेतच्या पाणलोटाकाठी शेतघरे आणि रिसॉर्ट उभी राहिली. रस्त्याला लागून वडिलोपार्जित जागा असणाऱ्यांच्या दारी आता गिऱ्हाईक येते ते जागा भाड्याने मागायला. किराणा दुकान किंवा औषधांचे दुकान जे भाडे देते, त्याहून कितीतरी अधिक भाडे परमिट रूम किंवा बिअर शॉपी देऊ करते. अनामत रक्कमही मोठी, भाडे महिन्याच्या महिन्याला वेळेवर, करार नोंदणीकृत. कागदावर यापेक्षा चांगला भाडेकरू नाही.

तेव्हा घरात तेच शब्द उच्चारले जातात. आपण पीत नाही, आपण विकत नाही, आपण फक्त गाळा दिला आहे. उद्या परवान्यावर नाव त्याचे असेल, आपले नाही. पण त्या इमारतीच्या माथ्यावर आजोबांचे नाव कोरलेले असते. गावातल्या बाया बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला रांगेत उभ्या राहतात, तेव्हा त्यांना परवानाधारक आठवत नाही. त्यांना कोणाच्या गाळ्यात दुकान आहे ते आठवते.

अशा निर्णयात कुटुंब एकत्र बसले पाहिजे. नाकारलेल्या भाड्याची झळ एकट्या कर्त्याला लागत नाही. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, दुकानाचे नूतनीकरण, सगळ्यांच्या हिश्शातून ती रक्कम जाते. म्हणून सुनेला, मुलाला, शिकणाऱ्या नातवालाही आकडे उघड सांगावेत: एवढे भाडे येत होते, एवढे कमी येईल, वर्षाला फरक इतका. आकडा लपवून केलेला त्याग पुढच्या पिढीला मूर्खपणा वाटतो. आकडा सांगून केलेला त्याग घराची रीत बनतो.

रोजमेळात आलेला पैसा लिहिला जातो, गेलेला पैसा लिहिला जातो. न घेतलेल्या पैशासाठी खतावणीत रकाना नाही. तरीही प्रत्येक जुन्या घराला असे काही व्यवहार तोंडपाठ असतात: अमुक साली अमुक धंदा चालून आला होता, आजोबांनी हात जोडून नको म्हटले. मुलांना मालमत्तेची यादी एकदा वाटणीच्या वेळी वाचून दाखविली जाते. या नकारांची यादी मात्र जेवताना, प्रवासात, दिवाळीच्या चोपडापूजनानंतर वारंवार सांगितली जाते, आणि घराण्याचे नाव म्हणून जे काही पुढे जाते ते बहुतांशी याच यादीतून जाते.