नांगर नको, फावडं हवं

शेतकरी जमिनीत घालतो तोही नांगर आणि खलाशी पाण्यात टाकतो तोही नांगर. हिंदीत निदान हल आणि लंगर असे दोन शब्द आहेत. आपल्याकडे एकच असल्यामुळे एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. शेतातल्या नांगराचं काम जमिनीतून पुढे सरकत जाणं हे आहे. होडीच्या नांगराने नेमकं तेच करायचं नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि मोसमात जमेल तेव्हा मित्रांबरोबर अठ्ठावीस फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून खाली कोकणच्या खाड्यांत जातो. या वर्तुळात जेवढ्या छोट्या बोटी पाहिल्या, त्यांच्या तोंडाशी एक तर सीक्यूआर लटकलेला असतो, नाही तर बोटीबरोबर फुकट आलेलं काहीतरी. आत मात्र चार्टप्लॉटर, ब्लूटूथ स्पीकर आणि मालकाच्या फोनवर अँकर अलार्मचं ॲप. माझं भांडण या मांडणीशी आहे.

सीक्यूआरचं पेटंट १९३३ चं, जी. आय. टेलर यांचं. हे तेच केंब्रिजचे टेलर, ज्यांचं नाव फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकांत आपल्याला छळतं. ते स्वतः शिडाची बोट चालवायचे. जुने जड नांगर उचलून कंटाळलेल्या लोकांना त्यांनी कमी वजनात जास्त पकड दिली, आणि त्या काळात ही क्रांतीच होती. पण त्याचा फाळ खरोखर शेतातल्या नांगरासारखा, दोन बाजूंना उतरता आहे. ओढ वाढली की तो माती दुभंगत पुढे जाऊ शकतो. स्पेड, रोक्ना, मँटस या अलीकडच्या नांगरांचा फाळ आतून खोलगट असतो, फावड्यासारखा. ओढ वाढली की तो आणखी खाली जातो आणि समोरची माती धरून ठेवतो. ‘नव्वद वर्षं चाललंय, म्हणजे चांगलंच आहे’ हे टेलरांचं नाव घेऊन सांगणाऱ्यांना एवढंच म्हणेन, की टेलरांनीही तेव्हाचं जुनं सोनं बाजूला ठेवलं होतं.

मग वजनवाले येतात. नांगर जड हवा, साखळी जड हवी, झोळ पडला की ती झटके खाऊन टाकते. मंद वाऱ्यात हे खरं आहे. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात तीस फुटी बोटीसाठी १५ नॉट वाऱ्याला १७५ पौंड ओढ धरली आहे, तर ३० नॉटला ७०० पौंड. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते. तीस मीटर सोडली तर झाली ४२ किलो. त्या ओढीला ती जवळजवळ सरळ ताणली जाते आणि झोळ संपतो. उरतो फक्त फाळ. तेव्हा किलो मोजू नका, फाळाचं क्षेत्रफळ आणि आकार बघा. कंपनीचा तक्ता तुमच्या बोटीला दहा किलोचा म्हणत असेल, तर त्याच आकारातला पंधराचा घ्या.

आता आपल्या किनाऱ्याचं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरती असते आणि कॅरिबियनमध्ये पाणी इतकं नितळ, की पोहत जाऊन नांगर रुतलाय का ते बघता येतं. यूट्यूबवरचे बरेच सल्ले तिथले असतात. आपल्या खाडीत कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून तुम्ही ‘खोलीच्या पाचपट’ म्हणून पंधरा मीटर सोडलेत, तर भरतीला खोली सात मीटर, वर बोटीच्या तोंडाची उंची एक मीटर. आठ मीटरला पंधरा, म्हणजे दुपटीलाही कमी. सोडायला हवे होते चाळीस.

शिवाय दर सहा तासांनी प्रवाह उलटतो. दिवसा खारे वारे, रात्री मतलई. बोट रात्रीतून पूर्ण फिरते आणि नांगराला उलट्या बाजूने ओढते. इथे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे सुटला तर स्वतःहून पुन्हा रुतणं. डॅनफोर्थचे चपटे फाळ मऊ गाळात उत्तम धरतात, पण ओढ फिरली की साखळी अडकते किंवा फाळांच्या मध्ये शिंपला बसतो. म्हणून तो दुसरा नांगर म्हणून ठेवा. फोर्ट्रेसमध्ये तर गाळासाठी फाळाचा कोन ४५ अंश करता येतो. (२०१४ मध्ये चेसापीक खाडीच्या गाळात चाचणी झाली आणि फोर्ट्रेस जिंकला. चाचणी फोर्ट्रेसनेच भरवली होती. तरी गाळाबद्दलचा मुद्दा मला पटतो.)

राहिलं ॲप. अलार्म लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून सांगतो: सर्व्हर पडल्याचा मेसेज सर्व्हर उभा करत नाही. चाळीस मीटर साखळीवर बोट मोठ्या वर्तुळात फिरते. खोटे अलार्म नकोत म्हणून मालक ते वर्तुळ आणखी मोठं करून झोपतो. एका नॉटने सरकणारी बोट मिनिटाला तीस मीटर जाते. मागे ऐंशी मीटरवर खडक असतील, तर जाग येणं, वर धावणं, इंजिन सुरू करणं याला तीन मिनिटंही नाहीत. ॲप जरूर ठेवा. पण ते आहे म्हणून छोटा नांगर चालेल, हे गणित जीवघेणं आहे.

चांगला नांगरही नुसता टाकून भागत नाही. आधी कोळी दादांना तळ कसला आहे ते विचारा. त्यांना चार्टपेक्षा जास्त माहीत असतं. मऊ गाळात पंधरा-वीस मिनिटं बसू द्या, मग रिव्हर्समध्ये हळूहळू जोर वाढवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. साखळीवर हात ठेवा. ती थरथरत असेल तर नांगर तळावरून घसरतोय. उचला आणि पुन्हा टाका, मागच्या बोटीवरचे लोक हसले तरी.

‘परदेशी नांगर परवडत नाही’ हे खरं आहे, स्पीकर घेण्याआधी म्हटलं तर. गावातल्या वेल्डरकडून फोटो दाखवून तसाच बनवून घेणारेही आहेत. आकार फोटोवरून उतरतो. टोकाशी किती वजन आहे आणि दांड्याचं पोलाद कुठल्या ग्रेडचं आहे, हे फोटोत दिसत नाही. बनवून घेणारच असाल तर हे दोन प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर ‘चांगलं लोखंड आहे साहेब’ असं आलं तर पैसे खिशातच ठेवा.