रानांतील दोन रात्रींचें बिऱ्हाड

नाताळच्या सुट्टींत सहकुटुंब रानांत जाऊन दोन रात्री तंबूंत काढण्याचा बेत अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. बेत स्तुत्य आहे. परंतु निघण्याच्या दिवसापर्यंत घरांत जी वाटाघाट चालते ती ऐकली असतां असें दिसतें कीं, ती बहुतेक सारी खाण्याविषयींच असते. गुळाच्या पोळ्या न्याव्या कीं श्रीखंड, वड्यांचें सारण घरूनच करून न्यावें काय, कढई एक पुरेल कीं दोन, याचा खल रात्र-रात्र होतो. आणि निजण्याचा प्रश्न मात्र “चादरी घेऊं या” एवढ्यावर मिटतो. भूक सर्वांस आठवते, पहांट कोणासच आठवत नाहीं.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठीं आम्ही एक ठिकाण डोळ्यांपुढें धरतों. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयाकांठीं, रतनवाडी नांवाचें गांव आहे. धरण १९२६ सालीं पुरें झालें. गांवांत अमृतेश्वराचें प्राचीन शिवालय आहे आणि वर रतनगड उभा आहे. मोटार गांवापर्यंत जाते. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. तेव्हां वाटेल तेथें तंबू ठोकणें, झाडें तोडणें वा जाळ करणें चालावयाचें नाहीं. वनखात्याकडे आधीं चौकशी करावी, आणि एखाद्या शेतकऱ्यास विचारून, त्याचें जें कांहीं भाडें होईल तें देऊन, त्याच्या भात कापलेल्या खाचरांत उतरावें. जमीन सपाट असते, आणि हांक मारली तर घरापर्यंत ऐकूं जाते. नवशिक्यांस याहून अधिक अरण्य नको.

तेथें डिसेंबरांत दुपारचें ऊन टोचतें, आणि पहांटे पारा १० अंशांच्या आसपास, केव्हां केव्हां त्याच्याहि खालीं उतरतो. मंडळी पांघरुणें दोन-दोन नेतात आणि अंगाखालीं घालावयास एक सतरंजी. पाहिजे याच्या उलट. जमीन रात्रभर अंगांतील ऊब ओढून घेत असते. ऊब धरून ठेवते ती वस्त्रांत अडकलेली हवा, आणि अंगाच्या भारानें दबलेल्या वस्त्रांत ती राहत नाहीं. म्हणून शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा विकत घ्यावा, उन्हांत चांगला झटकावा, व वीतभर जाड पसरून त्यावर ताडपत्री घालावी. तिच्यावर तंबू, आणि तंबूंत फोमची चटई किंवा जाड घोंगडी. ताडपत्रीच्या कडा तंबूखालीं दुमडाव्या, नाहीं तर दंव तिच्यावर गोळा होऊन आंत शिरतें. पांघरावयास लोकर असावी. सुती गोधडी दमट झाली कीं ऊब देईनाशी होते. माणशीं एक कानटोपी, लोकरीचे मोजे, आणि फक्त निजतांना घालावयाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड. हा जोड दिवसां कोणीहि अंगावर चढवूं नये, मुलांनीं तर नाहींच. वृद्धांच्या पायांशीं गरम पाण्याची रबरी पिशवी द्यावी.

थंडी वाजते म्हणून तंबूंत शेगडी किंवा निखाऱ्यांचें घमेलें नेण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि निजलेला माणूस जागा न होतांच मरतो.

तितकीच दक्षता सापाविषयीं. थंडींत साप कमी हिंडतात, हिंडतच नाहींत असें नाहीं. नाग, घोणस, फुरसें आणि मण्यार या चौघांत मण्यारीची गोष्ट निराळी आहे. ती रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. कांहीं वेळानें पोटांत कळा येतात, पापण्या जड होतात, तेव्हां कोठें शंका येते. म्हणून तंबूची चेन रात्रभर बंद पाहिजे, बूट आंत पाहिजेत व सकाळीं झटकून घातले पाहिजेत, आणि प्रत्येकापाशीं आपापली बॅटरी पाहिजे. सबंध कुटुंबांत एक बॅटरी हा प्रकार आम्हांस समजत नाहीं. ती नेमकी जो बाहेर गेला त्याच्याकडे असते. कपाळाला बांधावयाची मिळते ती उत्तम, हात मोकळे राहतात. दंश झालाच तर जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळूं नये. माणसास चालूं न देतां, दंश झालेला अवयव न हालवितां रुग्णालयांत न्यावें. सर्पविषावरील लस असलेलें जवळचें रुग्णालय कोणतें, याची विचारपूस निघण्यापूर्वींच करून ठेवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण डोंगराआड फोन लागेलच असें नाहीं, म्हणून एक मोटार रात्रभर रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवावी.

रोजचीं औषधें दोन पुड्या करून दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावीं. जुलाबावर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. माप चमच्यानेंच घ्यावें, अदमासानें नव्हे.

आतां खाण्याकडे वळूं. कालिदासाचे राजहंस कैलासाकडे निघतात तेव्हां त्यांच्यापाशीं पाथेय म्हणून कमळाच्या कोवळ्या देठांचे तुकडे तेवढे असतात. आमच्या घरांचें पाथेय डब्याडब्यांनीं मोटारींत चढतें, आणि त्याचा भार कोणावर पडतो याचा विचार होत नाहीं. आम्हीं असे मेळे पाहिले आहेत. पुरुषमंडळी गड चढून आली, मुलें पाण्याकांठीं खेळून आलीं, आणि ज्यांनीं चार दिवस आधींपासून चकल्या तळल्या त्या काकू-वहिनींनीं दोनशें पावलांवरचें शिवालयसुद्धां पाहिलें नाहीं. घरांतील धूर सोडून रानांतल्या धुरांत बसावयाचें, तर त्यांनीं यावें कशाला? हा दोष स्वभावाचा थोडा आणि सामानाचा अधिक. स्वयंपाकघर उचलून नेलें कीं स्वयंपाक करणारीहि त्याच्या मागोमाग जाते. आमच्या मतें बारा माणसांस एकांत एक बसणारीं तीन मोठीं पातेलीं, झांकण्या, डाव, सांडशी, सुरी आणि गॅसची शेगडी एवढें पुरे. विळी, कढई, पोळपाट व लाटणें घरीं ठेवावें. पोळपाटच नसला म्हणजे पोळ्यांचा हुकूम सुटत नाहीं.

पहिल्या रात्रीं घरून आणलेल्या दशम्या, लसणीची चटणी आणि गूळ. पुढें मेतकूट-भात, भाजलेल्या रव्याचा सांजा, कुळथाचें पिठलें. खिचडीसाठीं तांदूळ व मुगाची डाळ मिळून दीड किलो एका पिशवींत, मीठ-मसाल्याची पुडी तिच्यांतच, आणि पिशवीवर पाण्याचें माप लिहिलेलें. मग ती शिजविण्यास पंधरा वर्षांचा मुलगाहि पुरे. शिजविण्याच्या पाळ्या निघण्यापूर्वींच लावाव्या, व पहिली पाळी घरांतील कर्त्या पुरुषाची असावी. ताट, वाटी, पेला ज्याचा त्यानें आणावा व ज्याचा त्यानें घांसावा. पिण्यास व रांधण्यास माणशीं दिवसाला चार लिटर पाणी धरलें तर बारांस अठ्ठेचाळीस लिटर होतें. तेवढीं पिंपें न्यावीं, आणि तेथील पाणी खळखळां उकळल्याखेरीज पिऊं नये.

किरकोळ वस्तूंत दोरी, मेणबत्ती, घट्ट डबींत काडेपेटी, आणि थोडा कापूर. शेतकऱ्यानें आपल्या अंगणांत चूल पेटवूं दिली तर ओलसर लांकडावर कापरासारखा उपाय नाहीं. चुलीपाशीं नायलॉनची साडी नको, सुती असावी. एक खुरपें अवश्य घ्यावें. शौचास पाण्यापासून निदान शंभर पावलें दूर जाऊन वीतभर खड्डा करावा व मातीनें बुजवावा. स्त्रियांच्या अडचणीच्या दिवसांचें साहित्य व त्याच्यासाठीं निराळी बंद पिशवी ही गोष्ट संकोचानें राहून जाते, ती राहूं नये. ती पिशवी व इतर सर्व कचरा परत घरीं आणावयाचा असतो. आजोबांची पळी-पंचपात्री खुशाल न्यावी, तिला जागा किती लागते? दागिने व गाणीं वाजविण्याचा कर्णा मात्र नको.

प्रत्येकानें आपलें गांठोडें स्वतः बांधून तें जिन्यावरून एकदां खालीं-वर नेऊन पाहावें. आणि निघण्यापूर्वीं आठवडाभर आधीं एक रात्र सर्वांनीं याच सामानावर गच्चीवर किंवा अंगणांत निजावें. काय राहिलें तें पहांटे तीन वाजतां आपोआप कळतें, आणि तेव्हां घर एका जिन्यावर असतें. त्याच रात्रीं खिचडीहि त्या पातेल्यांतच करावी, म्हणजे पिशवीवर लिहिलेलें पाण्याचें माप खरें कीं खोटें तें समजेल.