वेबसाइट बनवून घेताय? मिडलवेअरची यादी आधी बघा!

ऑर्डर घेणारी वेबसाइट बनवून घेताना आपण लोगो, रंग, फोटो यांवर चार-चार मीटिंग करतो. पण साइटवर येणारी प्रत्येक रिक्वेस्ट कोण तपासतं, हे मात्र विचारतच नाही. माझं मत स्पष्ट आहे: कोडिंग येत नसलं तरी मालकाला एवढी एक गोष्ट समजलीच पाहिजे.

पायथॉनमध्ये केलेल्या बऱ्याच साइट जँगोवर चालतात. ग्राहकाने 'ऑर्डर करा' दाबलं की रिक्वेस्ट थेट तुमच्या ऑर्डरच्या कोडपर्यंत जात नाही. मधे तपासणाऱ्यांची रांग असते, तिलाच मिडलवेअर म्हणतात. नवीन प्रोजेक्ट सुरू केला की जँगो स्वतःच 7 मिडलवेअर लावून देतं. एक सेशन सांभाळतं, एक ग्राहक कोण आहे ते ओळखतं, एक फॉर्म खरंच आपल्याच साइटवरून आलाय का ते बघतं. रिक्वेस्ट यादीत वरून खाली जाते, उत्तर खालून वर येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. ऑथेंटिकेशन सेशनच्या आधी लावलं, तर साइट सरळ एरर देते.

आता खरा मुद्दा. फॉर्म भरला की '403' एरर येते. डिलिव्हरीची घाई असते. मग डेव्हलपर सीएसआरएफच्या ओळीपुढे हॅश टाकतो आणि ती बंद करतो. एरर गेली, साइट चालू, बिल पास! पण आता ग्राहक लॉगिन असताना दुसऱ्याच एखाद्या पानाने त्याच्या ब्राउझरमधून फॉर्म पाठवला, तर तो खोटा आहे हे ओळखणारं ते मिडलवेअर जागेवरच नाही. डिलिव्हरीचा पत्ता बदलला, तर ग्राहक जाब तुम्हालाच विचारणार, डेव्हलपरला नाही.

काही जण म्हणतील, "कुकीच्या सेमसाइट सेटिंगमुळे ब्राउझर असं बरंच अडवतो." बरोबर आहे. पण सोसायटीला वॉचमन आहे म्हणून दुकानाला कुलूप लावायचं सोडतो का आपण?

दुसरी अडचण मात्र खरी आहे. पेमेंट गेटवेचा 'पैसे आले' हा मेसेज बाहेरून येतो, त्याच्याकडे आपलं सीएसआरएफ टोकन नसतं. त्यासाठी फक्त त्या एकाच ठिकाणी सूट द्यायची आणि तिथे गेटवेची सिग्नेचर तपासायची. एका पार्सलवाल्यासाठी अख्खं शटर रात्रभर उघडं ठेवत नाहीत.

तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी करा. सेटिंग्ज फाइलमधली मिडलवेअरची यादी समोर उघडायला सांगा, आणि कुठली ओळ बंद आहे, का बंद आहे, हे लेखी घ्या. मग जँगोची 'चेक डिप्लॉय' कमांड तुमच्यासमोर चालवायला लावा. सीएसआरएफचं मिडलवेअर यादीत नसेल तर ती स्वतःच वॉर्निंग देते. दहा मिनिटांचं काम आहे. चांगला डेव्हलपर याचा राग मानत नाही, उलट असा क्लायंट त्याला आवडतो.