घास आणि आग्रह

करोनाच्या साथींत, इ. स. २०२१ च्या वैशाखांत, आमचे धाकटे बंधु श्वासासाठीं घशांतून नळी घातलेल्या अवस्थेंत ११ दिवस रुग्णालयांत होते. ईश्वरकृपेनें घरीं आले. परंतु पंगतीस बसेनात. ताट खोलींत मागवीत आणि अर्धें परत पाठवीत. सुनांस वाटलें, आपल्या हातचें रुचत नाहीं. आम्हांस वाटलें, कांहीं मानापमान झाला. शेवटीं एकांतीं म्हणाले, “दादा, पाण्याचा घोट घेतांना भय वाटतें. तो वाट चुकेल असें वाटतें.”

वाचकहो, गिळणें ही क्रिया आपण समजतों तितकी सोपी नाहीं. घास उतरतांना श्वास क्षणभर थांबतो व श्वासमार्गाचें द्वार मिटतें. नळीनें दुखावलेल्या, आजारानें दुर्बल झालेल्या घशाचा हा ताल बिघडतो. पातळ पाणी तर जलद धांवतें. म्हणून कित्येकांस पेजेहून तेंच अवघड जातें. कधीं तपासणींत फारसें कांहीं दिसत नाहीं, तरी रोग्याचे कष्ट खरेच असतात.

डॉक्टरांनीं १० प्रश्नांचा एक कागद दिला. प्रत्येकास ० ते ४ गुण. बेरीज ३ वा अधिक भरली कीं पुढील तपासणी करावी. (गुण वाढावे म्हणून जन्मभर मुलांस छळलेल्या मास्तरास हें चमत्कारिकच!) त्यांत एक प्रश्न जेवणांतील आनंदाविषयीं होता. बंधूंनीं तेथें ४ लिहिले.

मग ताठ बसणें, लहान घोट घेणें, तोंडांत घास असतां न बोलणें, असा क्रम चालला. दिवाळींत ते पंगतीस आले. जिलबी घेतली, मठ्ठा नको म्हणाले. कोणीं आग्रह केला नाहीं.