शरीराची चित्रे झाकू नका, पण संमतीशिवाय घेऊही नका

आपल्या वस्त्यांत आजाराला नाव असते, अवयवाला नसते. बाई दवाखान्यात जाते आणि 'पांढरं जातंय', 'अंग बाहेर येतंय' एवढेच सांगून गप्प बसते. नेमके कुठे, हे सांगायला शब्द नाही आणि दाखवायला चित्र नाही. शाळेतला प्रजननसंस्थेचा धडा पुष्कळ ठिकाणी 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. मग मुले मोबाइलवर शोधतात. तिथे त्यांना शरीराची माहिती मिळत नाही, शरीराचा बाजार दिसतो.

त्याच मोबाइलवर दुसरीही एक जागा आहे. विकिपीडियाला चित्रे पुरवणारा विकिमीडिया कॉमन्स हा संग्रह २००४ साली सुरू झाला. त्यात कुणीही चित्र ठेवू शकतो आणि तिथले चित्र कुणीही फुकट वापरू शकतो. स्त्री-पुरुषांच्या गुप्तांगांच्या आकृत्या आणि उघडे फोटोही तिथे आहेत. अशा गोष्टी सर्वांसाठी खुल्या संग्रहात असाव्यात का, यावर बराच वाद झाला आहे. आमचे मत असे की असाव्यात. पण ज्याचे शरीर आहे त्याच्या मर्जीने.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, कामजीवन यांविषयी ते उघड लिहीत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापत. नग्न शरीरात लाजण्यासारखे काही नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी.

वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या आणि कर्व्यांनी उत्तरे दिली, एवढाच तो गुन्हा. लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब थांबले नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेबच होते. तोही ठराव फेटाळला गेला. तेव्हा शरीराविषयी बोलणे आपल्या चळवळीला परके आहे, असे कुणी म्हणू नये.

केवळ लाज वाटते म्हणून चित्रे काढून टाकली तर काय होते, हेही पाहावे. मे २०१० मध्ये विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स यांनी कॉमन्सवरची अनेक लैंगिक चित्रे स्वतःच काढून टाकली. त्यात जुनी कलाचित्रेही गेली. स्वयंसेवकांनी विरोध केला. शेवटी वेल्स यांनी चित्रे काढण्याचा आपला खास अधिकार सोडला. काय पाहण्याजोगे आहे हे एका माणसाच्या संकोचावर ठरू लागले, तर माहितीबरोबर पुष्कळ काही वाहून जाते.

आपला कायदाही नग्नता आणि अश्लीलता यांना एक मानत नाही. विज्ञान, शिक्षण, कला यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन अश्लीलतेच्या कलमातून वगळलेले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली अवीक सरकार खटल्यात सांगितले की चित्र नग्न आहे एवढ्याने ते अश्लील ठरत नाही, संदर्भ पाहावा लागतो. मुलांची लैंगिक चित्रे मात्र गुन्हाच आहेत. तिथे चर्चेला जागा नाही.

आता दुसरी बाजू. वैद्यकाच्या पुस्तकांतली शरीरे कुणाची होती? 'ग्रेज ॲनाटॉमी' हे प्रसिद्ध पुस्तक १८५८ साली लंडनला निघाले. त्यातली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. त्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीतली चित्रे आज कॉमन्सवर फुकट मिळतात. पण त्या काळी इंग्लंडात विच्छेदनाला जाणारी प्रेते मुख्यतः गरिबांची, बेवारस होती. १८३२ च्या कायद्याने तशी सोयच केली होती. आपल्याकडेही १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. बेवारस कोण मरतो, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. गरिबाच्या शरीरावर डॉक्टर शिकले, पण गरिबाला कुणी विचारले नाही.

कॉमन्सवरच्या फोटोला हाच धोका जास्त आहे. मुक्त परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. तो फोटो कुणीही कापू शकतो, बदलू शकतो, धंद्यासाठी वापरू शकतो. म्हणून आकृतीने काम भागत असेल तर फोटो नको. फोटो हवाच असेल तर चेहरा, गोंदण, दागिना अशी ओळख पटवणारी खूण दिसता कामा नये आणि संमती समजावून, आपल्या भाषेत, लेखी घेतलेली असावी. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतही आहे.

तरीही आपली शरीरे त्या संग्रहातून गायब राहावीत, असे आम्हाला वाटत नाही. गोऱ्या कातडीवर लाल दिसणारा चट्टा सावळ्या कातडीवर जांभळट किंवा करडा दिसतो. पुस्तकांत बहुतेक गोरीच कातडी. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुक्वेंदे या काळ्या विद्यार्थ्याला हे खटकले आणि त्याने २०२० साली काळ्या कातडीवरची लक्षणे दाखवणारी 'माइंड द गॅप' ही पुस्तिका सहकाऱ्यांसह काढली. आपल्या रंगाच्या, आपल्या बांध्याच्या, बाळंतपणे झालेल्या शरीरांची चित्रे मराठी नावांसह कोण काढणार? आपल्यातल्या नर्सिंगच्या मुली आणि चित्रकला शिकणारी मुले हे काम नक्की करू शकतील.

तोवर एवढे करावे. महिला मंडळाच्या बैठकीत गर्भाशयाची आणि बाह्यांगाची आकृती भिंतीवर लावून एक तास बोलावे. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते. त्यात 'पिशवी काढत' नाहीत, हे चित्र पाहिले की बाईला कळते. आणि दवाखान्यात कुणी मोबाइल काढून फोटो घेऊ लागले तर तीन गोष्टी विचाराव्यात: कशासाठी, कुठे ठेवणार, कोण पाहणार? उत्तर पटले नाही तर नाही म्हणावे. नाही म्हटले म्हणून उपचार थांबता कामा नयेत. आपल्या शरीराची माहिती मिळणे हा जसा हक्क आहे, तसाच हाही हक्क आहे.