दुखण्याआधी दिसले पाहिजे



गेल्या वर्षावासातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहाराच्या पायरीवर आम्ही चारचौघे बोलत बसलो होतो. तेवढ्यात माझी अकरा वर्षांची भाची गालाला ओढणी दाबून आली. "मामा, दाढ लई ठणकतीय," म्हणाली. डोळ्यांत पाणी. तोंड उघडून पाहिले तर खालची मोठी दाढ मधोमध काळी पडून पोखरलेली.

दोन वर्षांपूर्वी तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण हीच दाढ मला दाखवायला आली होती. तेव्हा मी शहाणपणाने सांगितले होते, "अगं, दुधाची दाढ आहे. पडेल आपोआप." दंतवैद्यांनी एक्स-रे काढून दाखवला तेव्हा खरे कळले. ती दुधाची दाढ नव्हतीच. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ उगवते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती असते कायमची. ती गेली की पुन्हा येत नाही. भाचीची गेली. माझ्या एका अज्ञानी वाक्याची किंमत त्या पोरीने भरली. हे लपवून काय उपयोग? म्हणून आज त्यावरच लिहितो.

मी शिक्षणाने बी.कॉम., पेशाने कारकून. विज्ञान माझा विषय नाही. पण दंतवैद्यांना मी एकच प्रश्न विचारला होता : "हे आधी दिसत नाही का?" ते म्हणाले, "अगदी सुरुवातीला एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही." तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून त्यावर मिळेल ते वाचले.

आधी दात म्हणजे काय ते पाहू. वरचे पांढरे, कठीण कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाने त्याचा 96 टक्के भाग खनिज असतो. त्याखाली डेंटिन नावाचा जरा मऊ थर, आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व नसा असलेला गाभा. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवला की संपून जातात. त्यामुळे इनॅमलला पडलेले भोक शरीर स्वतः बुजवू शकत नाही.

आता 'कीड'. आठवडी बाजारात दातातून अळी काढून दाखवणारे लोक आपण पाहिले आहेत. आमच्या लहानपणी आम्हीही डोळे विस्फारून पाहत असू. बांधवहो, दातात अळी नसते. तो हातचलाखीचा खेळ आहे. तोंडातले सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधले खनिज विरघळवते. सुरुवातीला भोक पडत नाही. खडूसारखा निस्तेज पांढरा डाग पडतो. वरचा पापुद्रा शाबूत असतो आणि आतून खनिज निघून जात असते. बरेचसे खनिज गेल्यानंतरच एक्स-रेवर सावली उमटते. ठणका तर त्याच्याही नंतर.

खनिज गेलेल्या जागी प्रकाश वेगळ्या तऱ्हेने विखुरतो, म्हणूनच तो डाग पांढरा दिसतो. तेव्हा प्रकाशानेच दाताच्या आत पाहता येईल का, असे शास्त्रज्ञांच्या मनात आले. अडचण अशी की दातात शिरलेला प्रकाश सरळ जात नाही. तो इकडेतिकडे धडकून विखुरतो आणि चित्र धूसर होते. यावर उपाय सापडला तो वेळेच्या मोजमापात. आपल्या खंबाटकीला बोगद्यातून सरळ जाणारी गाडी आणि घाटाच्या वळणांनी जाणारी गाडी एकाच वेळी निघाल्या, तर आधी कोण पोचेल? बोगद्यातली. प्रकाशाचेही तसेच. जो न धडकता सरळ आला तो आधी पोचतो आणि तोच खरी बातमी आणतो. फक्त आधी आणि नंतर यांतला फरक इतका बारीक असतो की तो पकडायला प्रकाशाचा फार म्हणजे फारच आखूड ठोका लागतो.

किती आखूड? फेम्टोसेकंद हे त्याचे माप. कारकुनी हिशेब करून पाहिला. एकावर पंधरा शून्ये एवढे फेम्टोसेकंद मिळून एक सेकंद होतो. म्हणजे एका फेम्टोसेकंदाला आपण एक सेकंद मानले, तर खऱ्या एका सेकंदाला सुमारे 3 कोटी 17 लाख वर्षे लागतील! प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, पण 100 फेम्टोसेकंदांत तो केसाच्या जाडीइतकेही अंतर कापत नाही. असे ठोके देणाऱ्या यंत्राला अतिशीघ्र लेसर म्हणतात.

हे ठोके आखूडही हवेत आणि जोरदारही, पण जोर वाढवला की यंत्रच जळायचे. 1985 साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जेरार मूरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी तोड काढली. ठोका आधी ताणून लांब करायचा, मग त्याचा जोर वाढवायचा आणि शेवटी पुन्हा आवळून आखूड करायचा. या कामासाठी त्यांना 2018 सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. भौतिकशास्त्राचा नोबेल मिळवणाऱ्या स्ट्रिकलंडबाई तिसऱ्याच महिला. पहिल्या मेरी क्युरी, 1903 साली. दुसऱ्या मारिया गोपर्ट मायर, 1963 साली.

या मायरबाईंचा आपल्या दातांशी थेट संबंध आहे. प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी एका रेणूने शोषले तर काय होईल, याचे गणित त्यांनी मांडले आणि ते 1931 साली प्रसिद्ध झाले. आज त्यावर चालणारे सूक्ष्मदर्शक आहेत. अशाच लेसरचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश डेंटिनवर टाकला, की त्यातले कोलॅजनचे तंतू त्या प्रकाशाचा रंग पालटून तो जांभळा करून परत पाठवतात. इनॅमलमध्ये कोलॅजन जवळजवळ नसते. त्यामुळे दात न कापता दोन्ही थरांची सीमा दिसते. एवढी बुद्धिमान बाई, पण अमेरिकेतील विद्यापीठांत तिला कित्येक वर्षे पगाराविना काम करावे लागले. हे गणित छापून आले त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, 1831 साली, आपल्या खंडाळा तालुक्यातील नायगावात सावित्रीबाई जन्मल्या होत्या. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शेणमातीचा मारा का सोसला, ते अशा वेळी नव्याने उमजते.

प्रकाशाने आत पाहण्याची आणखी एक पद्धत आहे. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी वापरतात, तसा इथे प्रकाशाचा. 1991 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतून ती पुढे आली. डोळ्याच्या दवाखान्यात पडद्याची तपासणी करताना आपल्यापैकी काहींनी ते यंत्र पाहिलेही असेल. 1998 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तोंडातील दात आणि हिरड्यांची चित्रे त्या पद्धतीने काढली. दोनतीन मिलिमीटर खोलवर दिसते आणि एक्स-रेची किरणे अंगावर घ्यावी लागत नाहीत.

आपल्याकडेही काम चालते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीघ्र लेसरची नामांकित प्रयोगशाळा आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत लेसरचा प्रकाश तोंडातील त्वचेवर टाकून कर्करोगाची चाहूल आधी लागते का, यावर संशोधन झाले आहे. त्यामागचे तत्त्व सी. व्ही. रामन यांनी 1928 साली शोधलेले. मिश्री लावणाऱ्या माझ्या आयाबहिणींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात मजबूत होत नाहीत, उलट कर्करोगाला वाट मिळते.

खरे बोलायचे तर अतिशीघ्र लेसरची यंत्रे महाग आहेत, आणि दातांवरचे बरेचसे प्रयोग अजून प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवरच होतात. ती यंत्रे आपल्या वस्तीपर्यंत कधी येतील ते येवोत. परंतु त्या विज्ञानाने शिकवलेली गोष्ट आजच घरात आणता येते : दुखण्याची वाट पाहू नये, दुखण्याआधी पाहावे.

महिन्यातून एकदा मुलांना उजेडात बसवा. ओठ वर करा, दात स्वच्छ रुमालाने कोरडे करा आणि बॅटरी धरा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर तीच सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडची टूथपेस्ट, दिवसातून दोनदा ब्रश आणि गोड खाणे कमी, एवढ्याने डाग पुन्हा कठीण होऊ शकतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे आणि मुलांनी ती गिळू नये. सहाव्या-सातव्या वर्षी सर्वांत मागची दाढ आवर्जून पाहा. तिच्या खोबणी खोल असतात, कीड तिथेच आधी लागते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, त्यात दातही येतात. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. डॉक्टरांनी काय लिहिले ते विचारा. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

आमच्या विहारात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळ मुलांचे दात पाहते. एक बॅटरी, एक आरसा, एक वही. भाचीच वही लिहिते. परवा एका सात वर्षांच्या मुलाच्या दाढेवर तिला पांढरा डाग दिसला. त्याची आई म्हणाली, "दुधाची असंल." भाची लगेच म्हणाली, "न्हाई काकू, ही कायमची हाय. माझी गेली, याची जाऊ द्यायची नाही."

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. आज रात्री जेवण झाल्यावर आपल्या लेकराला जवळ घ्या, बॅटरी लावा आणि पाहा.

जय भीम!